तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्लंडात कोल्ह्याची शिकार बंद झाली का?

पुण्याला गेले की कुणी ना कुणी विचारतंच, "तुमच्या इंग्लंडात ती घोड्यावरून कोल्ह्याची शिकार बंद झाली ना?" जेवणाच्या पानावर या प्रश्नाचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

कायद्याने झाली. 18 फेब्रुवारी 2005 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये मागे कुत्रे लावून कोल्ह्याची किंवा हरणाची शिकार करणं गुन्हा आहे. स्कॉटलंडने तसा कायदा 2002 मध्येच केला होता. पण इथवर यायला शंभर वर्षांहून जास्त काळ लागला.

सगळ्यात आधी बंद पडली ती राजघराण्याची हरणाची शिकार. त्यासाठी हरणं पाळलेली असत. त्यांची शिंगं कापून टाकायचे, शिकारीच्या दिवशी गाडीत घालून माळावर आणून सोडायचे आणि मागे कुत्रे लावायचे. हरीण दमून उभं राहिलं की पकडून परत गाडीत. पुढच्या वेळी पुन्हा तेच. या शिकारी तांड्याचा प्रमुख सरकारी पगार घेत असे. 1891 मध्ये हेन्री सॉल्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी क्रूर प्रथांविरुद्ध लढणारी ह्युमॅनिटेरियन लीग ही संघटना स्थापन केली आणि याच प्रथेवर बोट ठेवलं. (हे तेच सॉल्ट, ज्यांचं शाकाहारावरचं पुस्तक लंडनमध्ये शिकणाऱ्या गांधीजींनी वाचलं होतं.) लीगचे एक कार्यकर्ते होते वोकिंगहॅमचे पाद्री स्ट्रॅटन. ते शिकारीच्या मागे मागे जायचे, कुठलं हरीण तारेच्या कुंपणात फाटलं, कुठलं मेलं, याची टिपणं काढायचे आणि वर्तमानपत्रांना कळवायचे. 1901 मध्ये व्हिक्टोरिया राणीनंतर सातवे एडवर्ड गादीवर आले आणि तो तांडा मोडीत निघाला. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या पाद्रीबाबांचा.

कोल्ह्याचं मात्र कुणाला काही पडलेलं नव्हतं. कोल्हा रात्री भक्ष्य शोधायला बाहेर पडला की त्याची बिळं बुजवून टाकायची, म्हणजे सकाळी त्याला लपायला जागा नको. तरी एखाद्या बिळात शिरलाच तर छोटे टेरियर कुत्रे आत सोडायचे आणि वरून फावड्याने खणायचं. पहिल्यांदा शिकारीला आलेल्या मुलांच्या गालांना मेलेल्या कोल्ह्याचं रक्त फासायचे. याला 'खेळ' म्हणणं मला कधीच जमलेलं नाही.

1924 मध्ये हेन्री एमॉस आणि अर्नेस्ट बेल यांनी शिकारविरोधी लीग काढली. तीच आज लीग अगेन्स्ट क्रुएल स्पोर्ट्स म्हणून ओळखली जाते. 1949 मध्ये संसदेत विधेयकं आली आणि बारगळली. तेव्हा सरकार मजूर पक्षाचं होतं, तरी सरकारच विरोधात उभं राहिलं. खेड्यापाड्यांतला मतदार दुखवायचा नव्हता. मग 1963 मध्ये डेव्हनमधल्या ब्रिक्सहॅमला काही तरुण मंडळींनी वेगळाच मार्ग धरला: थेट शिकारीत जाऊन ती उधळायची. कुत्र्यांपुढे मांस टाकायचं, शिंग फुंकून त्यांना भलतीकडे न्यायचं, कोल्ह्याचा वास मारण्यासाठी सिट्रोनेला हे उग्र वासाचं तेल फवारायचं.

1997 मध्ये बंदीच्या विधेयकाच्या बाजूने संसदेच्या खालच्या सभागृहात, म्हणजे कॉमन्समध्ये, 411 आणि विरोधात 151 मतं पडली, तरी ते पुढे सरकलं नाही. सप्टेंबर 2002 मध्ये शिकारीच्या बाजूने लंडनमध्ये सुमारे चार लाख लोकांचा मोर्चा निघाला. लॉर्ड्स हे वरचं सभागृह ऐकेना, तेव्हा नोव्हेंबर 2004 मध्ये पार्लमेंट ॲक्ट वापरून, लॉर्ड्सच्या संमतीशिवाय कायदा करावा लागला.

आता तुमच्या 'ना?'चं उत्तर. कायद्यानंतर 'ट्रेल हंटिंग' सुरू झालं. प्राण्याचा वास लावलेलं फडकं माळावरून ओढत न्यायचं आणि त्या वासामागे कुत्रे सोडायचे, अशी ही पद्धत. वाटेत खरा कोल्हा मारला गेला तर 'अपघात झाला' म्हणायचं, आणि शिकार करायचा हेतू होता हे कोर्टात सिद्ध करायचं ओझं फिर्यादी पक्षावर. म्हणून आजही स्वयंसेवक कॅमेरे घेऊन थंडीपावसात मागे फिरतात. त्यांच्या चित्रीकरणावर कितीतरी खटले उभे राहिले. जुन्या वास्तू आणि निसर्ग जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या मोठ्या संस्थेने सभासदांच्या मतदानानंतर 2021 मध्ये आपल्या जमिनीवर ट्रेल हंटिंगला परवाने देणं थांबवलं. ते देशभर बंद करू, असं मजूर पक्षाने 2024 च्या जाहीरनाम्यात लिहून दिलं. ते करताना 'अपघाता'ची पळवाटही बुजवावी, निष्काळजीपणाने कुत्रे सोडणाऱ्यालाही शिक्षा व्हावी, असं मला मनापासून वाटतं, आणि आमच्या मतदारसंघाच्या खासदारांना मी तसं कळवलंही आहे.