आमची वाटचाल : सुवातील एका छोट्या कलादालनाची

फिजीची राजधानी सुवा येथे आमचा व्यवसाय सुरू झाला तो फोटो फ्रेमच्या दुकानापासून. कोल्हापूरला घरचा हाच धंदा होता, त्यामुळे नोकरीनिमित्त इथे आल्यावर काही वर्षांनी स्वतःचे काही करावे असे आम्हा दोघांना वाटले, तेव्हा हातात असलेले काम तेच होते. देवादिकांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि पदवीची प्रमाणपत्रे यांच्या जोडीने हळूहळू चित्रकारही येऊ लागले. दक्षिण पॅसिफिक विद्यापीठात लेखक व मानववंशशास्त्रज्ञ एपेली हाउओफा यांनी १९९७ मध्ये ओशेनिया कला व संस्कृती केंद्र स्थापन केले आणि बेटांवरच्या तरुणांना आपल्याच भूमीतून उगवलेली कला निर्माण करण्यासाठी हक्काची जागा मिळाली. तिथे घडलेल्या हातांची चित्रे आमच्याकडे फ्रेमसाठी येत, आणि फ्रेम झाल्यावर ती लावायची कुठे, हा प्रश्न चित्रकारांपुढे असे. दुकानामागची गोदामाची खोली रिकामी करून आम्ही त्या भिंतींवर चित्रे मांडली. आमचे कलादालन ते हेच.

नुसत्या चित्रविक्रीवर दालन चालणार नाही, हे लवकरच ध्यानात आले. फिजीला येणारे बहुतेक पर्यटक पश्चिमेच्या नांदी भागात उतरतात आणि तिथल्याच किनाऱ्यावर राहतात. सुवात येतात ते मुख्यतः बंदराला लागणाऱ्या क्रूझ जहाजांतून, तेही काही तासांसाठी. शिवाय सुवातल्या सामान्य माणसाला दालनाच्या दारातून आत येताना संकोच वाटे. म्हणून आम्ही आधी कार्यशाळा घ्यायची, तीत जे तयार होईल त्यातून प्रदर्शन उभे करायचे, असा क्रम ठरवला. ज्याने स्वतःच्या हाताने काही केले आहे, तो ते भिंतीवर पाहायला येतो आणि येताना घरच्यांना घेऊन येतो.

सर्वांत जिव्हाळ्याने चालते ती मसीची कार्यशाळा. मसी म्हणजे कागदी तुतीच्या सालीपासून केलेले कापड. खोडाची साल सोलून तिचा आतला पांढरा थर वेगळा काढतात, तो भिजवतात आणि लाकडी ओंडक्यावर ठेवून ‘इके’ नावाच्या चौकोनी, खाचा पाडलेल्या मोगरीने बडवत जातात. मूळची अरुंद पट्टी बघता बघता कितीतरी पट रुंद होते, मग पट्ट्या एकमेकींवर ठेवून पुन्हा बडवल्या की त्यांचे एक अखंड वस्त्र होते. फिजीत नक्षी उमटवतात ती साच्यांनी. पूर्वी हे साचे पानांतून कापत, आता बहुतेकजणी दवाखान्यातून आलेल्या जुन्या एक्स-रे फिल्मा वापरतात. काळा रंग काजळीचा, तांबूस तपकिरी खारफुटीच्या सालीचा किंवा लाल मातीचा. आमच्याकडे शिकवायला येणाऱ्या बायका मसीसाठी नावाजलेल्या वातुलेले बेटाच्या आहेत. साच्याच्या रेषा सरळ याव्यात म्हणून त्या पट्टी हाती घेत नाहीत. कापडाला घडी घालून मध्य काढतात आणि तिथून दोन्ही बाजूंना नक्षी वाढवत नेतात. शहरातल्या शाळकरी मुलांना हे पाहताना जो आनंद होतो, त्यासाठीच हा खटाटोप.

त्यांना बोलावण्याची रीतही आम्ही शिकून घेतली. गावात पाऊल ठेवताना यंगोनाच्या, म्हणजे जिच्यापासून कावा हे पेय करतात त्या झाडाच्या, मुळ्या गावप्रमुखापुढे ठेवून आपण कशासाठी आलो ते सांगायचे आणि अनुमती मागायची, याला सेवुसेवू म्हणतात. ते झाल्याशिवाय कामाचे बोलणे आम्ही काढत नाही. कोणती नक्षी प्रदर्शनात ठेवायची आणि कोणती घराण्याची म्हणून ठेवायची नाही, हेही त्याच ठरवतात.

फ्रेमच्या धंद्याचा उपयोग इथे खरा झाला. सुवाची हवा वर्षभर दमट असते आणि मसी तर सालीचीच. काचेला चिकटली की डाग पडतात, मागे बंद पुठ्ठा लावला की बुरशी धरते. त्यामुळे मसी आम्ही कधीही सपाट चिकटवत नाही. वरच्या कडेला गव्हाच्या खळीने पातळ कागदी बिजागऱ्या लावून ती टांगती ठेवतो आणि काच व कापड यांत पुरेशी फट सोडतो. चित्राखालच्या पाटीवर ‘पारंपरिक हस्तकला’ एवढेच लिहिण्याची पद्धत आम्हाला मान्य नाही. तेलरंगातल्या चित्राखाली चित्रकाराचे नाव असते, तसेच मसीखाली ती करणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव असलेच पाहिजे, आणि विक्रीतला मोठा वाटा तिचाच.

दुसरी कार्यशाळा गिरमिटियांच्या वंशजांची. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांहून अधिक भारतीय मजूर करारावर फिजीत आणले गेले. ते प्रामुख्याने उत्तर आणि दक्षिण भारतातले, त्यामुळे आम्ही मराठी माणसे या इतिहासाचे वारस नाही, श्रोते आहोत. आजीच्या हातावरचे गोंदण आठवून काढायचे, एवढाच एका सत्राचा विषय होता. आलेल्या बायकांनी ठिपके, वेली, स्वयंपाकघरातल्या वस्तू काढल्या. दोघी बहिणींनी एकाच आजीचे गोंदण वेगवेगळे काढले आणि आम्ही दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले. ते पाहायला आलेल्या वातुलेलेच्या बायका त्या ठिपक्यांपुढे बराच वेळ आपापसांत बोलत उभ्या होत्या. पुढच्या वेळी दोन्ही गट एकत्र बसवा, ही सूचना त्यांचीच.

कोविडच्या काळात देशाच्या सीमा बंद होत्या आणि १ डिसेंबर २०२१ रोजी पर्यटकांसाठी त्या पुन्हा उघडल्या. मधल्या काळात जहाजे नव्हती, ग्राहक नव्हते. फ्रेमच्या कामावर घर चालले आणि निर्बंध सैल झाले तेव्हा मोजकी माणसे घेऊन कार्यशाळा पुन्हा सुरू झाल्या. आता त्या शाळांच्या सुट्ट्या पाहून ठरवतो. मुलांना शुल्क नाही. रंग, कागद आणि शिकवणाऱ्या बायकांचा बोटीचा प्रवास यांचा खर्च फ्रेमच्या उत्पन्नातून निघतो. दालनात सध्या एकत्र बसलेल्या त्या दोन्ही गटांचे काम मांडले आहे, आणि सिंगाटोका खोऱ्यातल्या कुंभारणींशी पुढच्या कार्यशाळेविषयी बोलणे चालू आहे.