शुक्रवार धरून आखलेला आइसलँड

आइसलँडचा नकाशा पुढ्यात पसरला की बोट आपोआप धबधब्यांवर आणि ज्वालामुखींवर जातं. शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र असा विश्रांतीचा दिवस; तेव्हा गाडी, चूल, विजेचं बटण काहीच नाही) आणि कोशेर (ज्यूंचे आहारनियम) पाळणाऱ्या घरानं मात्र आधी शुक्रवारचा मुक्काम ठरवावा आणि तिथून उलटं मोजत बाकीचे दिवस बसवावेत. आम्ही ठाण्याचे बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू; सोबत चार आणि सात वर्षांची मुलं. गुरुवारी उतरायचं, पहिला शब्बाथ रेक्याविकमध्ये, दुसरा उत्तरेला मीव्हाट्न तलावाकाठी आणि मंगळवारी परतीचं विमान, असा आराखडा आम्ही धरला. देशाला वळसा घालणारा रस्ता क्रमांक १ साधारण १,३०० किलोमीटरचा आहे.

महिना निवडताना जून-जुलै सोडून द्या. २१ जूनच्या सुमारास रेक्याविकमध्ये सूर्य रात्री बारा वाजून गेल्यावर मावळतो आणि तीनच्या आत उगवतो. शब्बाथची बत्ती लवकर लावायची म्हटली, तरी ‘प्लाग हामिन्हा’च्या आधी नाही. प्लाग म्हणजे सूर्यास्ताआधी सव्वा ‘तास’, आणि हे तास दिवसाच्या लांबीचे बारा भाग करून काढायचे. एकवीस तासांच्या दिवसाचा असा एक तास पावणेदोन घड्याळी तासांचा भरतो. म्हणजे बत्तीला रात्रीचे पावणेदहा वाजतात. शनिवारी तर शब्बाथ संपल्याची खूण असलेले तीन तारे दिसतच नाहीत, कारण रात्रभर संधिप्रकाश असतो. मग हावदाला, म्हणजे शब्बाथला निरोप देण्याचा विधी, कधी करायचा, यावर वेगवेगळी मतं आहेत. तेव्हा जायचंच असेल तर आपल्या रब्बींना आधी विचारून वेळ लिहून घ्या. ऑगस्टचा तिसरा आठवडा आम्हाला सगळ्यात सोयीचा वाटतो. मीव्हाट्नला तेव्हा सूर्यास्त सव्वानऊच्या पुढेमागे, प्लाग साडेसात ते पावणेआठ आणि तारे अकराच्या सुमारास. मुलं किद्दुशला, म्हणजे जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, जागी राहतात. त्या वर्षी तिशा बआव, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास, कधी येतो तेही पाहून घ्या. इतक्या उत्तरेला त्या उपासाचा दिवस फार लांबतो.

रेक्याविकमध्ये २०१८ पासून छबाड या ज्यू संस्थेचं केंद्र आहे आणि देशातले पहिले कायम राहणारे रब्बी तेव्हाच आले. २०२१ मध्ये ज्यू धर्माची तिथे सरकारदरबारी नोंदही झाली. पहिला शब्बाथ गावात काढायचा तो यासाठी. नुकतंच विमानातून उतरलेल्या मुलांना घेऊन आडरानात शब्बाथ करू नये.

आता जेवण. प्राणी आधी बेशुद्ध न करता कापायला तिथे कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे स्थानिक कोशेर मांस नाही. दहा-बारा दिवस मासे, अंडी, डाळ-भात यांवर काढायचे. आपल्या कोकणी स्वयंपाकाला हे मुळीच जड नाही. जकातीशिवाय माणशी ३ किलोपर्यंत खाद्यपदार्थ नेता येतात. कच्चं मांस, कच्चं दूध चालत नाही, आणि युरोपबाहेरून येणाऱ्यानं मांस-दुधाचं काहीच बरोबर न घेतलेलं बरं. चौघांसाठी आम्ही पोहे २ किलो, मूगडाळ दीड किलो, नारळाच्या दुधाची पावडर अर्धा किलो, आमसुलं १०० ग्रॅम, काळ्या मनुका अर्धा किलो आणि मसाला हे इथून नेलं. तांदूळ, बटाटे, कांदे, गाजरं, फळं तिथे कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात.

मनुका किद्दुशसाठी. वाइनची बाटली सांभाळत फिरण्यापेक्षा आपलं मनुकांचं शरबत सुटसुटीत. एक वाटी मनुका तीन वाट्या पाण्यात गुरुवारी रात्री भिजत घालायच्या, शुक्रवारी कुस्करून उकळायच्या आणि फडक्यातून गाळायच्या. पाणी याहून वाढवू नका, रस पातळ झाला तर त्यावर द्राक्षरसाची बेराखा (आशीर्वचन) म्हणता येईल का हा प्रश्न उभा राहतो. पोह्यांचा उपयोग सगळ्यात मोठा. थंड पाण्यात भिजवून खोबरं, साखर आणि फळं घातली की मलिद्यासारखा खाऊ तयार होतो; विस्तव लागत नाही, भांडं एकच लागतं आणि वाऱ्यात गाडीच्या डिकीतही करता येतो.

मासे घेताना नावं पाठ हवीत. थॉर्स्कुर म्हणजे कॉड, ईसा म्हणजे हॅडॉक, ब्लेक्या म्हणजे ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा, लाक्स म्हणजे सामन. हे चारही खवले-पंखवाले. स्टेनबीटुर, स्कोटुसेलुर आणि स्काटा घ्यायचे नाहीत. हुमार म्हणजे तिकडचा शेवंडीसारखा जीव, तोही नाही. तुकडा कातडीसकट मागा आणि नखानं एक खवला उचलून बघा; कातडी न फाटता निघाला पाहिजे. सोललेले पांढरे तुकडे काचेआड एकसारखे दिसतात आणि चूक तिथेच होते. हॅडॉकला हळद-मीठ-तिखट लावून नारळाच्या दुधात सोडला की बांगड्याची आठवण येणार नाही असं म्हणत नाही, पण भात पोटभर जातो.

स्कीर हा दह्यासारखा पदार्थ जिथे तिथे दिसतो आणि मुलं मागतात. त्यात विरजणाबरोबर रेनेट (वासराच्या पोटातून मिळणारं, दूध घट्ट करणारं द्रव्य) घालण्याची जुनी पद्धत आहे, म्हणून हेक्षरशिवाय, म्हणजे कोशेर असल्याच्या शिक्क्याशिवाय, नको. गोळ्या-चॉकलेटांच्या वेष्टनावर ‘गेलाटिन’ (प्राण्यांपासूनचं जिलेटिन) दिसलं तर तेही नको.

भांड्यांचं म्हणाल तर तिथल्या मुक्कामांत बहुतेक काचेची सपाट शेगडी असते आणि ती कोशेर करणं अवघड. आम्ही आपली विजेची एक हॉटप्लेट, ३ लिटरचा स्टीलचा कुकर, छोटा तवा, सुरी आणि पाट घेतला. अॅल्युमिनियमचा कुकर नेऊ नका. मुक्कामी इंडक्शन असलं तर तो तापतच नाही. वीज २३० व्होल्टची, आपल्यासारखीच, पण प्लग युरोपचा दोन गोल पिनांचा. आपला जाड तीन पिनांचा प्लग त्यात बसत नाही, भक्कम अॅडॅप्टर लागतो.

रविवारी रेक्याविकहून निघून पूर्वेकडे. दिवसाला तीन तासांहून जास्त गाडी नाही, हा नियम मुलांसाठी. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ९०, खडीच्या रस्त्यावर ८०, गावात ५०. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला त्याच्या मापाची सीट लागते. दिवे दिवसाही सुरू ठेवायचे. सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे गाडीचं दार. वाऱ्याकडे पाठ करून गाडी लावली आणि मुलानं दार उघडलं, की झोत दार उलटं फिरवतो आणि बिजागरी वाकते. हे नुकसान बहुधा विम्यात बसत नाही. गाडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवा, मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावा आणि दार मोठ्यानंच, दोन्ही हातांनी उघडायचं. हवामान खातं वारा मीटर-प्रतिसेकंदात सांगतं, ३.६ नं गुणा. झोत २० च्या वर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर असेल तर उंच गाडी काढूच नका.

थिंगवेट्लिरला उत्तर अमेरिकी आणि युरेशियाई भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतायत. त्या खचलेल्या पट्ट्यातली वाट मुलांना चालता येते. गेसीरच्या आवारात स्ट्रोक्कुर हा गरम पाण्याचा फवारा दर सहा ते दहा मिनिटांनी उसळतो. तिथलं पाणी उकळतं असतं आणि मध्ये नुसती दोरी, तेव्हा चार वर्षांच्या मुलाचा हात मनगटाला धरा. वारा पाठीवर येईल अशा बाजूला उभं राहा. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू हवेपेक्षा जड असल्यानं खळग्यांत साठतो, आणि मुलांची नाकं जमिनीजवळ असतात.

याच वायूमुळे चांदी काळी पडते. रेक्याविकच्या नळाचं गरम पाणी जमिनीतून येतं आणि त्याला हा वास असतो. किद्दुशचा चांदीचा पेला त्याखाली धुवू नका. थंड नळाला वास नसतो, तो वापरा. आम्ही प्रवासात स्टीलचाच पेला ठेवतो.

गरम नळ शब्बाथला चालतो का, हा प्रश्न मात्र जुना आहे आणि मुलांना सांगण्यासारखा. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमग्रंथात, शब्बाथच्या तिसऱ्या अध्यायात, तिबेरियाच्या लोकांनी गरम झऱ्याच्या पाटातून थंड पाण्याची नळी नेल्याची गोष्ट आहे. पाणी आपोआप तापतंय, चूल पेटवलेली नाही, मग काय हरकत? हाखामांनी, म्हणजे त्या काळच्या धर्मपंडितांनी, सांगितलं की शब्बाथच्या दिवशी त्या नळीत तापलेलं पाणी शब्बाथला तापवलेल्या पाण्यासारखंच. त्यानं अंघोळ नाही आणि ते प्यायचंही नाही. आइसलँडची कित्येक घरं आज त्या नळीवरच चालतात असं म्हणायला हरकत नाही. कुठे झऱ्याचं पाणी थेट नळाला येतं, कुठे झऱ्याच्या उष्णतेवर थंड पाणी तापवतात, आणि दोन्हींचा विचार वेगळा होतो. घरमालकाला कोणती पद्धत आहे ते विचारा आणि ते उत्तर रब्बींना सांगा. तोवर शुक्रवारी थर्मास भरून ठेवणं सोपं.

विक गावाजवळच्या रेनिसफ्याराच्या काळ्या वाळूवर मुलं सोडू नका. शांत दिसणाऱ्या समुद्रातून एखादी लाट अचानक वीस-तीस मीटर आत येते आणि माणसं ओढून नेते. वाटेवर इशाऱ्याचे दिवे आहेत; लाल असेल तर खाली उतरायचंच नाही. बसाल्टचे स्तंभ बघायचे तर स्काफ्टाफेट्लच्या स्वार्तिफॉस धबधब्याला जा. दीड किलोमीटरची चढण आहे, बाबागाडी नेता येत नाही. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिलेल्या मुलाला ते स्तंभ लगेच ओळखू येतात. तोच खडक, तीच रीत. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा आणि इथला त्यापुढे अगदी कोवळा, एवढाच फरक.

त्याच्या आधी क्लाउस्टुर गावाच्या पश्चिमेला रस्ता एल्डह्रॉइन या लाव्हाच्या मैदानातून जातो. १७८३-८४ मध्ये लाकीच्या भेगेतून निघालेला हा लाव्हा, त्यावर आता जाड शेवाळ. आपल्या दख्खनचा लाव्हाही असाच भेगांमधून आला, एका टोकदार डोंगरातून नव्हे. त्या उद्रेकाच्या विषारी वायूंनी गुरं मेली आणि मागून आलेल्या दुष्काळात देशातला साधारण पाचवा हिस्सा माणसं गेली. शेवाळावर पाय देऊ देऊ नका. एक पाऊल भरून यायला कित्येक वर्षं लागतात.

वाहता लाव्हा बघायचा बेत मुलांबरोबर धरू नका. रेक्यानेस भागात २०२१ पासून वारंवार उद्रेक झाले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंडाविक गाव रिकामं करावं लागलं. २०२२ च्या उद्रेकाला बारा वर्षांखालच्या मुलांना जायला पोलिसांनी मनाईच केली होती. डोंगर पाहून म्हणायची ‘ओसे मआसे बेरेशीत’ ही बेराखा मात्र नक्की म्हणा, तोच डोंगर पुन्हा दिसला तर तीस दिवसांनंतरच.

होफ्न, मग एगिल्सस्टाडिर, आणि शुक्रवारी मीव्हाट्नपर्यंत फक्त १६५ किलोमीटर, दोन तास. मध्ये ओसाड पठार लागतं, तेव्हा टाकी एगिल्सस्टाडिरला भरा. पंपावर बहुधा माणूस नसतो, कार्डाला चार आकडी पिन लागतो. बत्ती रात्री असली तरी दुपारी तीनला मुक्कामी पोचायचं. वाऱ्यानं रस्ता बंद झाला तर हेच चार तास हाताशी असतात. वाटेत ह्वेरिरच्या उकळत्या चिखलाची कुंडं येतात. तिथली माती चिकणमातीसारखी बुटांना थर धरते, म्हणून शब्बाथचे बूट पिशवीतच ठेवा.

मुक्काम निवडताना दोन गोष्टी विचारा: दाराला खरी किल्ली आहे का, आणि बाहेरचे दिवे माणूस दिसताच पेटणारे आहेत का. आकड्यांचं कुलूप असेल तर शुक्रवारी खिट्टी चिकटपट्टीनं दाबून ठेवावी लागते. फ्रिजमधल्या दिव्याचं बटणही तसंच. लाकडी घरांत मेणबत्तीला बहुधा मनाई असते. परवानगी मिळाली तर आपला जुना काचेचा पेला, खाली पाणी, वर तेल आणि वात, धातूच्या सिंकमध्ये ठेवा.

तिथे एरुव, म्हणजे शब्बाथला वस्तू उचलून नेता याव्यात म्हणून वस्तीभोवती आखलेली हद्द, नाही. म्हणजे बाबागाडी घराबाहेर नाही, कडेवर घेणं नाही, खिशात रुमालही नाही. शिवाय तेहूम, म्हणजे शब्बाथला वस्तीबाहेर चालण्याची मर्यादा: २,००० अम्मा (हात), म्हणजे साधारण ९६० मीटर. दोन घरांत सत्तर अम्मांहून, म्हणजे ३४ मीटरच्या आसपासहून, जास्त अंतर असेल तर वस्ती तिथेच तुटते, आणि आइसलँडमध्ये शेतं-घरं विखुरलेली असतात. त्यामुळे मोजणी बहुधा आपल्या दारापासूनच. आम्ही मीव्हाट्नकाठचं स्कूटुस्टाडिर यासाठी, तिथल्या जवळच्या विवरांसाठी, निवडलं. सुमारे २,३०० वर्षांपूर्वी लाव्हा दलदलीवरून वाहिला, खालच्या पाण्याची वाफ झाली आणि स्फोटांनी ही खोटी विवरं तयार झाली. ती मुक्कामाला लागूनच आहेत. चार वर्षांचं मूल आपल्या पायानं जाऊन परत येतं. चिलटांसाठी डोक्यावरची जाळी लागते. ती टोपीसारखी घालून जायची, हातात धरून नाही.

हावदाला अकराच्या पुढे, मुलं झोपल्यावर. त्यात हुंगायच्या लवंगा घरूनच नेलेल्या बऱ्या. रविवारी आकुरेरीकडे निघाल्यावर साडेसात किलोमीटरचा व्हाडलाहेडी बोगदा लागतो. टोलनाका नाही, पैसे ऑनलाइन भरायचे. राहून गेले तर गाडी भाड्यानं देणारे आपला आकार लावून कार्डावरून कापून घेतात. मोबाइलवर भरायचं ते शनिवारी हावदाला झाल्यावर लगेच भरून टाका.