तुम्ही विचारलंत म्हणून: ‘रंजिश ही सही’ नक्की कुणाचं ऐकायचं?

मी गझल खूप ऐकते हे कळलं की हा प्रश्न येतोच, की ‘रंजिश ही सही’ ही गझल पाकिस्तानच्या मेहदी हसननी गाऊन ठेवलीय ना, मग बाकीच्यांनी ती परत कशाला गायची? आणि ज्यांचं नुकतंच ब्रेकअप झालंय ते सरळ विचारतात, कुठलं व्हर्जन लावू ते सांग. म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

शब्द उर्दू शायर अहमद फराजचे. १९७२ च्या ‘मोहब्बत’ नावाच्या पाकिस्तानी सिनेमात मेहदी हसननी ती गायली आणि चाल होती निसार बझ्मींची. आता हे बझ्मी कुठले, तर आपल्या जळगावजवळच्या नशिराबादचे! मुंबईत बरीच वर्षं सिनेमांना संगीत दिलं, ‘खोज’मधलं रफींचं ‘चंदा का दिल टूट गया है’ त्यांचंच, आणि १९६२ मध्ये ते पाकिस्तानात गेले. अख्ख्या उपखंडाला रडवणारी चाल खानदेशच्या माणसाने बांधलीय आणि आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीतच नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण सिनेमातलं गाणं म्हणजे आटोपशीर मामला, आपल्या कानात बसलेलं असतं ते बहुतेक मैफलीतलं लांबलचक रंजिश, आणि गंमत म्हणजे त्यात खाँसाहेब (म्हणजे मेहदी हसनच) जे शेर गायचे त्यातले दोन फराजचे नाहीतच, तालिब बागपती या दुसऱ्या शायराचे आहेत. जसे तुला न येण्याचे बहाणे सुचतात तसाच कधीतरी न जाण्यासाठी ये, हा जो शेर सगळ्यांना पाठ असतो आणि फराजच्या नावाने सगळीकडे फिरतो, तो बागपतींचा. म्हणजे ज्याला आपण ओरिजिनल म्हणतो ती गझलसुद्धा गाता गाता वाढलेली आहे, मग पुढच्या गायकाने तिला हात लावला तर काय बिघडलं, मला तर ते त्या गझलेच्या स्वभावातच बसतं असं वाटतं.

ती परत परत गाण्याचं दुसरं कारण तिच्या रदीफमध्ये, म्हणजे शेराच्या शेवटी परत परत येणाऱ्या शब्दांमध्ये आहे. प्रत्येक शेर ‘के लिए आ’वर संपतो, म्हणजे गाणाऱ्याला दर वेळी शेवटी मोकळा ‘आ’कार मिळतो, त्यावर थांबा, लांबवा, तीव्र मध्यमावरून फिरून या (चाल यमन रागाच्या अंगाची आहे, त्यात हा सूर लागतो), काहीही करा. आणि त्या एका ‘आ’ मध्ये प्रत्येकाचं ब्रेकअप वेगळं ऐकू येतं. मतल्यात, म्हणजे पहिल्याच शेरात, शायर म्हणतो की राग असेल तर असू दे, मन दुखवायला ये, परत सोडून जायला का होईना पण ये. हेच वाक्य खाँसाहेब मैफलीत पेटी वाजवत चारदा पाचदा घोळवतात, एकदा विनवणी असते, एकदा नुसता थकवा, एकदा चक्क हक्काने बोलावणं. शेवटी शेवटी तर वाटतं की ती येणार नाही हे त्यांना माहितीये आणि तरी ते बोलावतायत.

आणि तो शेर, की वेगळं होण्याचं कारण मी कुणाकुणाला सांगत बसू, माझ्यावर रागावली असशील तर जगासाठी तरी ये. ब्रेकअपमधला हा सगळ्यात छळणारा भाग असतो, ऑफिसात, घरी, लग्नकार्यात, जो तो विचारतो अगं काय झालं, आणि दर वेळी तेच सगळं पहिल्यापासून. एवढी साधी गोष्ट दुसऱ्या कुठल्या गाण्यात इतकी नेमकी आल्याचं मला तरी आठवत नाही.

आता हाच शेर बांगलादेशी गायिका रुना लैलांच्या आवाजात ऐका. बाईच्या तोंडी तो आला की एकदम वेगळा लागतो कारण लोकांना उत्तरं द्यायची वेळ तिच्यावर जरा जास्तच येते, शब्द एकही न बदलता अर्थ सरकतो. आशाताईंनीही ती गायलीय, मेहदी हसन, गुलाम अली, फरीदा खानम यांच्या गझलांचा त्यांचा एक अल्बम आहे त्यात. आशाताई म्हटल्यावर नखरा अपेक्षित असतो पण मला त्यात समजूतदारपणा जास्त ऐकू येतो, खूप काही बघून झालेल्या बाईने शांतपणे बोलावल्यासारखा.

पाकिस्तानी गायक अली सेठीने २०१७ मध्ये तिथल्या कोक स्टुडिओ या संगीताच्या कार्यक्रमात गायली तेव्हा खाँसाहेबांना जाऊन पाच वर्षं झाली होती. तो गझल गायिका फरीदा खानमकडे शिकलाय, उस्ताद नसीरुद्दीन सामींकडे शिकलाय, तयारी आहेच, पण त्याने खाँसाहेबांसारखं गायचा हट्ट धरला नाही हे मला फार आवडतं. आवाज कोवळा ठेवलाय, पहिल्यांदाच असं काही झालेल्या मुलासारखा. आज विशीत असलेल्या कितीतरी जणांना ही गझल त्याच्यामुळे कळली आणि मग ते मागे जात जात मेहदी हसनपर्यंत पोचले, याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत.

त्यामुळे कुठलं लावू विचारलंत तर मी आधी विचारते की किती दिवस झाले? अगदी ताजं असेल तर अली सेठी. लोकांच्या प्रश्नांनी वैताग आलेला असेल तर रुना लैला. खाँसाहेबांची मैफल मात्र राग ओसरल्यावर ऐका, सलग, मध्ये फोन न बघता, आणि त्यात बागपतींचा तो न जाण्यासाठी येण्याचा शेर आला की रिवाइंड करून परत एकदा ऐकाच.