विकत मिळतात की फुलं!

फुलं विकत मिळत असताना घरी बाग कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसे तुम्ही एकटेच नाही. गल्लीतल्या काकू विचारतात, पाव्हणे विचारतात, दूध घालायला येणारे मामा तर अंगणात पाय टाकला की सुरूच करतात, "काय वैनी, सकाळ सकाळी एवढं मरमर करतायसा! जोतिबा रोडला गेलं की पाहिजे तेवढी फुलं मिळत्यात की."

मिळतात. आमच्या कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाभोवती वेण्या, गजरे, कमळं, काय हवं ते मिळतं आणि मीही घेते. शेवंती, निशिगंध, गुलाब मी घरी लावतच नाही. शिरोळकडं पॉलिहाउसात गुलाब आणि जरबेरा असे पिकतात की आपल्या कुंडीतल्या गुलाबानं मान खाली घालावी. पैसे वाचतील म्हणून कुणी बाग करणार असेल तर करूच नये. कुंड्या, माती, खत यांचा हिशेब मांडला तर घरचा गजरा गुजरीतल्या सराफाकडच्या दागिन्याच्या पंक्तीला जाऊन बसतो.

पण बाजारात येतं ते टिकणारं फूल. तोडा, करंडीत भरा, टेम्पोत घाला, उन्हात पाणी मारत दुपारपर्यंत ठेवा, इतकं सोसून ज्याचं तोंड ताजं दिसतं तेच विकायला बसतं. ज्याला हे झेपत नाही ते कुठल्याच पेठेत मिळत नाही. माझी निम्मी बाग अशा न विकल्या जाणाऱ्या फुलांची आहे.

गुलबक्षी घ्या. ऊन कलल्यावर, चहाचं आधण ठेवायच्या सुमाराला उघडते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मिटते. ही कोण विकणार आणि कोण घेणार? एकाच झाडावर गुलाबी, पिवळी आणि मध्येच अर्धं गुलाबी-अर्धं पिवळं असं एखादं फूल येतं. कार्ल कॉरेन्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १९०९ मध्ये याच झाडाच्या कबऱ्या पानांवरून दाखवून दिलं, की रोपाच्या पानांचा हिरवा-पांढरा रंग फक्त आईकडून येतो, पराग कुठल्याही झाडाचे असोत. हे वाचल्यापासून गुलबक्षी मला जरा जास्तच जवळची वाटते. सासरच्या माणसांना मी हे मुद्दाम सांगते.

ब्रह्मकमळाचं तर नावच मोठं. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. आपण कुंडीत लावतो ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. आपण ज्याला त्याचं पान म्हणतो तो चपटा झालेला दांडा असतो, म्हणून तर पान मातीत खोचलं की झाड होतं आणि कळीसुद्धा पानाच्या कडेतून निघते. आधी ती खाली लोंबते. फुलायच्या दिवशी तिची मान हंसासारखी वर वळलेली असते आणि संध्याकाळीच टोक सैल पडलेलं दिसतं. मग गल्लीत निरोप जातात. रात्री दहाला आमच्या दारात चपलांचा ढीग, कुणी हळद-कुंकू घेऊन, कुणी मोबाइल घेऊन, पोरं शाळेचं निमित्त विसरून जागी. सकाळी तेच फूल ओल्या फडक्यागत लोंबत असतं. विकत घेऊन दाखवा बरं हे!

रात्री फुलणारी ही फुलं बहुतेक पांढरी आणि घमघमणारी का, तर त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे पतंग. अंधारात लाल रंगाचा त्यांना काय उपयोग? पारिजातक, मोगरा, जुई, सगळ्यांचा व्यवहार हाच.

मोगरा बाजारात मिळतो, मान्य. पण तो कळी म्हणून येतो आणि उमलतो कुणाच्या तरी केसांत नाहीतर फ्रिजमध्ये. घरी मला आजची कळी आणि उद्याची कळी ओळखता येते. आजची टपोरी, दुधासारखी पांढरी, बोटाला किंचित मऊ लागते. उद्याच्या कळीवर अजून हिरवट झाक असते. जांभळट पडलेली दिसली की समजायचं आत अळी आहे, तोडायची आणि लांब टाकायची. थंडीत मी मोगऱ्याचं पाणी तोडते, चांगला ताण देते, मग छाटून काढते. तेव्हा येणारी-जाणारी माणसं हळहळतात, "मारलंत की झाड!" कळ्या नव्या फुटीवर धरतात, त्याला काय करणार? शिवरात्रीच्या आसपास खत आणि पाणी सुरू केलं की चैत्रात झाड पांढरं होतं.

खताचं कोल्हापुरात एवढं अवघड नाही. गंगावेशीत अजून म्हशी आणून समोर धार काढून देतात, अशा गावात शेणाला काय तोटा! फक्त ताजं शेण कुंडीत घालू नका. कच्च्या खतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते, आणि ती काय करते ते ऊसवाल्याला विचारा. आमची काळी माती आषाढात झड लागली की पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात, म्हणून पन्हाळ्याकडची तांबडी माती, थोडी वाळू आणि जुनं, चहापुडीसारखं भुसभुशीत झालेलं खत मिसळायचं. जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागला की आधी मुंग्यांची वाट शोधा, त्याच त्याला सांभाळतात. पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, मग कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी. बाकी कोरांटी, अबोली, गोकर्ण यांना कुणी काही शिकवावं लागत नाही.

तक्रार एकच. फिरायला जाणारी सभ्य माणसं. हातात आकडी, पिशवी, ओठांवर स्तोत्र, आणि कुंपणाबाहेर आलेल्या फांदीवरची जास्वंद उजाडायच्या आत साफ. देवाला चोरीची फुलं चालतात असं कुठल्या पोथीत आहे कोण जाणे. नवरात्रात तर मी पहाटे कंदील लावल्यागत जागीच असते, कारण घटाच्या रोजच्या माळेला मला माझीच फुलं हवी असतात: एक दिवस गोकर्ण, एक दिवस तगर, एक दिवस झेंडू. मागून नेणाऱ्याला मात्र मी कधी नाही म्हणत नाही.

तर पाऊस लागला की या. जास्वंद, मोगरा, अनंत यांच्या फांद्या तेव्हा काढते, ब्रह्मकमळाचं पान देते, गुलबक्षीचं काळं बी तर मूठभर न्या. येताना कुंड्या मात्र आपापल्या आणायच्या. मागच्या वर्षी दिलेल्या अजून परत आलेल्या नाहीत.