दातांनी कोण गिटार वाजवतं?

तीन आठवडे झाले, मेट्रोनोम (लय धरून टकटक करणारं यंत्र) मिनिटाला १२० ठोक्यांवर, एका ठोक्याला चार सूर, आणि हात तिथेच रुतलेला. जोर लावला की पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, तारेत अडकतं, मग आणखी जोर. आज वैतागून आरशासमोर बसलो तेव्हा दिसलं, उजवा खांदा कानाला टेकायला आलाय आणि दात घट्ट आवळलेत. (हो, तो गाजलेला गिटारवादक जिमी हेंड्रिक्स दातांनी वाजवायचा. पण तो हेंड्रिक्स होता.)

मग सरळ ७० वर आलो. एकच तार, खाली-वर, खाली-वर. पिक जेमतेम पकडलेलं, टोक तारेपलीकडे जरासंच जाईल इतकं, आणि हालचाल कोपरातून नाही, मनगटातून. मिनिटामिनिटाला थांबून हात सैल सोडायचा. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू! पण या लयीत प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो, आणि माझा वर जाणारा फटका किती मरतुकडा आहे तेही कळलं. म्हणजे १२० ला मी चार कुठले, जेमतेम अडीच सूर वाजवत होतो.

वीस मिनिटांनी ९६ पर्यंत पोचलो, खांदा खालीच. १२० ला आज हात लावला नाही. लावावासा मात्र फार वाटला.