बोर्नच्या काचा आणि सतलजचं खोरं : शिमला ते कल्पा

शिमल्याहून किन्नौरला निघालेल्या आपल्याकडच्या सहलीच्या गाड्या नारकंड्याला चहा घेतात, रामपूरला जेवतात आणि अंधार पडता पडता सांगल्याला नाहीतर कल्प्याला टेकतात. इंग्रज छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न याच खोऱ्यातून १८६३ साली गेला. जुलै संपता संपता तीसेक हमाल घेऊन तो शिमल्याहून निघाला आणि ऑक्टोबरच्या मध्याला १४७ काचेच्या निगेटिव्ह घेऊन परतला. आम्ही त्याच्या फोटोंच्या प्रती बरोबर घेऊन हा रस्ता केला. कोणाला असं करायचं असेल तर काय न्यायचं, कुठे थांबायचं आणि घोळ कुठे होतो, ते इथे लिहितोय.

आधी माणूस कोण ते. नॉटिंगहॅमच्या बँकेतली कारकुनी सोडून बोर्न १८६३च्या सुरुवातीला कलकत्त्याला उतरला आणि शिमल्याला आला. तिथे विल्यम हॉवर्डबरोबर त्याने स्टुडिओ चालवला. पुढे चार्ल्स शेफर्ड त्यांना येऊन मिळाला, हॉवर्ड बाहेर पडला आणि पेढीचं नाव ‘बोर्न अँड शेफर्ड’ झालं. कामाची वाटणी सरळ होती. बोर्न फिरून निगेटिव्ह आणायचा, शेफर्ड छपाई आणि धंदा बघायचा. १८६७ला कलकत्त्यात स्टुडिओ निघाला, नंतर मुंबईतही शाखा झाली. बोर्नने हिमालयात तीन मोठे दौरे केले: १८६३चा हा, १८६४चा काश्मीरचा आणि १८६६चा कुलू, लाहौल, स्पिती करत गंगोत्रीपर्यंतचा. १८७०च्या सुमारास तो कायमचा विलायतेला गेला आणि नॉटिंगहॅमला सुताच्या धंद्यात शिरला. त्याच्या काचा मात्र पेढीकडेच राहिल्या, आणि त्यांवरून पुढे कित्येक वर्षं प्रती निघत होत्या.

जुनी प्रत विकत घ्यायचा मोह होणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य पक्कं लक्षात ठेवावं. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात ‘बोर्न’ अशी सही आणि क्रमांक दिसतो. तो निगेटिव्हवरच कोरलेला असल्यामुळे प्रत कधीही काढली तरी उमटतोच. क्रमांकावरून दौरा ओळखता येतो, कारण एका दौऱ्यातले क्रमांक सहसा लागोपाठ येतात. प्रत कोणत्या सालची हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी कागद बघायचा. अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला अल्ब्युमिन कागद पातळ असतो, त्याला तपकिरी-जांभळट छटा आणि हलकी चमक असते, आणि भिंगातून कागदाचे तंतू दिसतात. उजळ भाग पिवळे पडलेले आणि कडा फिकटलेल्या असतात. फोटो राखाडी-काळा असेल आणि भिंगाखाली तंतू दिसत नसतील तर प्रत बरीच नंतरची, मग विकणारा काहीही सांगो.

प्रतींचा आकारही सोयीचा आहे. त्या काळी निगेटिव्ह कागदावर ठेवून उन्हात छापत, त्यामुळे १०×१२ इंचांच्या काचेची प्रत तेवढीच निघते आणि कडा कापल्यावर साधारण २४×२९ सेंटीमीटर उरते. संग्रहालयांच्या साइटवरून मोठ्या आकाराची फाइल घेऊन ए-थ्री कागदावर मूळ मापात छापून न्या. मोबाइलच्या पडद्यावर बघून जागा सापडत नाही. कोपऱ्यातला दगड, पायऱ्यांच्या शेतांचे बांध, कड्यावरची चीर असल्या बारक्या गोष्टींवरच सगळं ठरतं आणि नेमक्या त्याच पडद्यावर हरवतात. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर डोंगरातल्या उन्हात काहीच दिसत नाही.

नारकंडा शिमल्यापासून साठेक किलोमीटर, उंची सुमारे २,७०० मीटर. जुनी हिंदुस्थान-तिबेट सडक आणि आजचा महामार्ग इथपर्यंत साधारण एकाच धारेने येतात, पुढे पुष्कळ ठिकाणी फुटतात. डलहौसीच्या काळात, १८५०मध्ये, सुरू झालेली ती सडक खेचरं आणि हमालांसाठी होती. रामपूरच्या पुढे ती वरच्या अंगाने सराहन, तरांडा, निचार करत जायची. आजचा रस्ता मात्र खाली नदीकाठाने जातो. त्यामुळे महामार्गावर उभं राहून बोर्नची चौकट शोधणारा बहुतेक वेळा तीन-चारशे मीटर खाली असतो आणि ‘डोंगर तोच, पण बसत नाही’ म्हणत राहतो. निचारला फाट्यावरून वर चढा, गावातल्या म्हाताऱ्यांना जुनी सडक विचारा. तिचे तुकडे अजून पायवाट म्हणून वापरात आहेत.

जागा शोधायची पद्धत अशी. दूरच्या शिखरांवर विसंबायचं नाही. दहा किलोमीटरवरचं शिखर तुम्ही पन्नास मीटर इकडेतिकडे सरकलात तरी जागचं हलत नाही. मधल्या अंतरावरची एखादी ठाम गोष्ट घ्या, सुळका किंवा मंदिराचा कळस, आणि फोटोत तिच्या बरोबर मागे काय येतं ते बघा. या दोन बिंदूंची रेघ मागे वाढवली की तिच्यावर कुठेतरी कॅमेरा होता. चौकटीच्या दुसऱ्या बाजूला अशीच दुसरी जोडी धरा. दोन रेघा जिथे छेदतात ती जागा. मग सावकाश पुढेमागे सरकत जवळच्या वस्तू जुळवायच्या. झाडांवर भरवसा ठेवू नका, दगडांवर ठेवा. शेवटच्या दोन मीटरांत सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तिथेच लोक कंटाळून ‘जवळपास’ म्हणून फोटो काढतात.

लेन्सचं गणित कठीण नाही. १०×१२ इंची काचेचा कर्ण सुमारे ४०० मिलिमीटर, आजच्या फुल-फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरचा ४३. म्हणजे त्या काचेवरची ३८० मिलिमीटरची लेन्स आज साधारण ४१ मिलिमीटरसारखी दिसते. त्याने कोणत्या चित्राला कोणती लेन्स लावली हे ओळखत बसण्यापेक्षा २४-७०चा झूम न्या आणि थोडं रुंद काढून नंतर कापा. कॅमेरा वर किंवा खाली झुकवायचा नाही. मोठ्या कॅमेऱ्यात काच उभी ठेवून लेन्सची फळी वर सरकवता येते, म्हणून जुन्या चित्रांत देवदाराची खोडं सरळ उभी दिसतात. तुम्ही मोबाइल वर केलात की ती आत झुकतात आणि ताळमेळ संपतो. उंची छातीएवढी ठेवा.

आणखी एक युक्ती. त्या काळचं कलोडियन, म्हणजे काचेवर ओतायचा चित्र टिपणारा थर, फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जागं व्हायचं. हिरवा त्याला जेमतेम दिसे, लाल जवळजवळ नाहीच. म्हणून निळं आकाश कोरं पांढरं आणि देवदार काळाकुट्ट. तुमच्या रंगीत फोटोचा फक्त निळा चॅनेल ठेवून कृष्णधवल करा, दोन्ही चित्रं एकदम शेजारी येतात. दूरचे डोंगर धुरकट होऊन विरतात, तेही बोर्नसारखेच. जुन्या प्रतीत झाडांच्या शेंड्यांभोवती आकाशाची कड फारच स्वच्छ दिसली तर निगेटिव्हवर आकाश रंगाने बुजवलं असावं. ही तेव्हाची सर्रास रीत होती.

आता पाण्याचा मुद्दा. जुळलेल्या जागांवरून आमचं मत बनलं की बोर्न कुठे उभा राहिला हे निम्मं पाण्याने ठरवलं. त्याची रुची इंग्रजी निसर्गचित्रांवर पोसलेली. हिमालयात तळी नाहीत, डोंगर उघडेबोडके आहेत अशी तक्रार तो आपल्या लेखांतून करतो, आणि पुढे झाड, मध्ये पाणी, मागे शिखर अशी रचना शोधत फिरतो. पण रुची बाजूला ठेवली तरी ओल्या काचेची रीत त्याला वाहत्या पाण्यापासून लांब जाऊच देत नाही.

रीत अशी. काच घासून पुसून लख्ख करायची. इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला गनकॉटन (आम्लात मुरवलेला कापूस), त्यात आयोडाइड-ब्रोमाइडचे क्षार, हे कलोडियन काचेच्या मध्यावर ओतायचं, एकेक कोपरा खाली करत सगळीकडे पसरवायचं आणि उरलेलं शेवटच्या कोपऱ्यातून बाटलीत परत. थर बोटाला चिकटसर लागला की काच अंधाऱ्या तंबूत सिल्व्हर नायट्रेटच्या सात-आठ टक्क्यांच्या द्रावणात तीन-चार मिनिटं बुडवायची. मग ओलीच चौकटीत भरून कॅमेऱ्यापर्यंत न्यायची, काही सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत उघडायची, परत तंबूत आणून फेरस सल्फेट आणि ॲसेटिक ॲसिडच्या पाण्याने डेव्हलप करायची, धुवायची, फिक्स करायची, पुन्हा भरपूर धुवायची, वाळवून वार्निश चढवायचं. बुडवण्यापासून डेव्हलप होईपर्यंत हातात दहा-पंधरा मिनिटं. कोरड्या वाऱ्यात त्याहूनही कमी. त्यामुळे तंबू कॅमेऱ्याशेजारीच लागतो आणि पाणी तंबूशेजारी. हमालाने दरीतून घागर भरून आणलेलं पाणी चालतं, पण बादलीभर एका काचेला जातं.

बिघडायच्या तऱ्हा अनेक. पाण्यात क्षार जास्त असतील तर चांदीचं द्रावण गढुळतं आणि काचेवर डाग पडतात. धूळ बसली तर शेपटीवाले ठिपके येतात. चौकटीचे कोपरे मळके असतील तर कडेने शिंपल्यासारख्या खुणा चढतात. बऱ्याच काचा बुडवून झाल्या की चांदीच्या द्रावणात इथर-अल्कोहोल साठतं आणि डेव्हलपर तेलकट रेघांसारखा सरकतो. द्रावण आम्ल राहिलं नाही तर सगळं चित्र धुकट.

उंचीवर याला वेगळीच फोडणी बसते. १८६६च्या दौऱ्यात बोर्नने मणिरंग खिंडीत काचा उघडल्या. त्याने दिलेली उंची १८,६०० फूट, आजचे नकाशे थोडी कमी दाखवतात. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. इथर खाली ३५ अंशांना उकळतं, तिथे सोळाच्या आसपास. थंडी असली तरी ते भराभर उडतं, थर पसरायच्या आतच घट्ट होतो आणि काचेवर लाटा उठतात. उलट शुद्ध ॲसेटिक ॲसिड साडेसोळा अंशांखाली बाटलीतच गोठतं. म्हणजे एक बाटली उडून जायला बघते आणि दुसरी दगड होऊन बसते. त्यात गार डेव्हलपर संथ चालतो. अशा ठिकाणाहून एक जरी छापण्याजोगी निगेटिव्ह आणली तर ती कारागिरी आहे, यात वाद नाही.

वाद आहे तो वाहून कोणी नेलं यावर. तीन मिलिमीटर जाडीची १०×१२ची काच ए-फोर कागदाहून थोडी मोठी, वजन सुमारे ५८० ग्रॅम. १४७ काचा म्हणजे ८५ किलो. शिवाय कोऱ्या आणि फसलेल्या काचा, पेट्या, तंबू, आम्लं, चांदी, साहेबाचं जेवण आणि ब्रँडी. डोंगरी संस्थानांत तेव्हा बेगार चाले, वेठीला धरलेले शेतकरीच ओझं उचलत. हमाल पळून गेले, त्यांना काठीने हाणलं, हे बोर्न स्वतःच लिहितो, तेही फारसं न बिचकता. चित्रांत मापासाठी उभी केलेली माणसं दिसतात. नावं कुठेच नाहीत.

रामपूरला विशेष रेंगाळू नका, खोऱ्याच्या तळाशी हजारेक मीटरवर उकाडा फार. वांगतूकडे मात्र प्रती बाहेर काढा. इथला सतलज आता बोर्नचा सतलज नाही. नाथपा ते झाकरी या टप्प्यात पाणी २७ किलोमीटरच्या बोगद्यातून १,५०० मेगावॉटच्या प्रकल्पाकडे जातं, त्याच्या वर करछम-वांगतूचा प्रकल्प आहे. पावसाळा सोडला तर पात्रात धोंडेच जास्त. २०००च्या पुरात खोऱ्यातले बरेच पूल वाहून गेले. म्हणून पूल आणि काठ धरून जागा शोधू नका, वरचे कडे धरा. धरणांजवळ फोटोला मनाईच्या पाट्या आहेत आणि पहारेकरी त्या मनावर घेतात.

नारकंड्याजवळच्या कोटगढ बाजूला अडचण वेगळी. तिथे स्थायिक झालेल्या सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी तिथे सफरचंद रुजवलं, आणि बोर्नच्या चौकटीत जिथे उघडे बांध दिसतात तिथे आज बागा आणि गारांपासून वाचवणाऱ्या जाळ्या आहेत. बागेत शिरायच्या आधी मालकाला विचारा. जुनी प्रत दाखवली की बहुतेक जण स्वतःच जागा शोधायला लागतात.

कल्पा म्हणजे बोर्नच्या वेळचं ‘चिनी’ गाव, सुमारे २,९०० मीटर. समोर किन्नर कैलास. सूर्य त्या रांगेमागूनच उगवतो, त्यामुळे सकाळी शिखरं काळी आणि मागे झगझगाट. प्रकाश पडतो दुपारनंतर, आणि दुपारनंतरच ढग चढतात, वारा सुटतो. ओल्या काचेवाल्याची इथे चांगलीच पंचाईत. बर्फासाठी उघडीप कमी हवी, देवदारासाठी कित्येक पट जास्त, आणि वाऱ्यात फांद्या हलतात. प्रतींत शिखरांवरचे बारकावे आणि झाडांचे बारकावे एकत्र मिळतात का ते बघा. बहुधा एकाचा बळी गेलेला असतो.

जायचं तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य. बोर्न निघाला तेव्हा ऐन पावसाळा होता. वांगतूपुढे पाऊस कमी, पण तिथपर्यंतचा रस्ता आज जुलै-ऑगस्टमध्ये दरडींचा आहे. कल्प्यापर्यंत भारतीयांना परवाना लागत नाही. रिकाँग पिओपर्यंत बस आहे, तिथून कल्पा सातेक किलोमीटर वर. जागा जुळली की अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, लेन्स आणि जमिनीपासून कॅमेऱ्याची उंची प्रतीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई पुढच्या बाजूला उमटते.