ओढ्याच्या काठावरच का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "तुमच्याकडची हरणं मेली ती सगळी पाण्याजवळच कशी सापडली? पाण्यात कुणी काही कालवलं होतं का?" हे माणमधल्या भावानं फोनवर विचारलं, इथल्या कोलंबस शहरातल्या गणपतीत दोघीतिघींनी विचारलं. आमच्या पलीकडच्या घरातले आजोबा तर ओढ्याचं पाणी बाटलीत भरून घेऊन आले आणि म्हणाले, "हे कुठं तपासून मिळेल?"

मी ओहायोच्या आग्नेय टोकाला राहते, अथेन्स काउंटीत. टेकड्या, झाडी आणि घरामागून जाणारा एक ओढा. पांढऱ्या शेपटीची हरणं इथं आपल्याकडच्या चिमण्यांइतकी रोजची. 2025 च्या ऑगस्टअखेरीस एका सकाळी त्या ओढ्यात एक हरणी उभी दिसली. पाणी जेमतेम खुरांच्या वर. एरवी दार वाजलं तरी शेपटी उंचावून पळणारं जनावर, पण मी दहा पावलांवर गेले तरी ती हलली नाही. तोंडाला फेस. जीभ सुजून बाहेर आलेली, जांभळं खाल्ल्यावर होते तशा रंगाची. ती पाण्याला तोंड लावत होती, पण पाणी आत जात नव्हतं. दुपारी परत गेले तेव्हा ती तिथंच आडवी झाली होती, मान पाण्यात.

ती जीभ मी आधी पाहिली होती. माझे मामा माण तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक होते. पावसाळ्यात मेंढ्यांचे वाडे बसले की त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मीही जायचे. आजारी मेंढीच्या जबड्यात अंगठा घालून मामा आधी जीभ बघायचे, मग पाय उचलून खुराच्या वरची कड. ती लालजांभळी दिसली की धनगराकडे बघून म्हणायचे, "निळी जीभ." जीभ आज सांगते, खूर महिन्यानं सांगतो, हे त्यांचंच म्हणणं. भारतात या रोगाची पहिली नोंद 1964 साली झाली ती महाराष्ट्रातच.

इथल्या हरणांचा रोग त्याचाच सख्खा भाऊ. इंग्रजी नाव लांबलचक आहे, एपिझूटिक हेमोरॅजिक डिसीज, म्हणून सगळे ईएचडी म्हणतात. हा विषाणू 1955 मध्ये न्यू जर्सीतल्या हरणांच्या मोठ्या साथीत पहिल्यांदा सापडला. दोन्ही विषाणू एकाच कुळातले आणि दोन्ही पसरवतात ती क्युलिकॉइडीस जातीची चिलटं. एक ते तीन मिलिमीटरची. इथले लोक त्यांना 'नो-सी-अम' म्हणतात, म्हणजे न दिसणारी. हरणापासून हरणाला हा रोग थेट लागत नाही, मधे चिलट लागतंच. माणसाला तो होत नाही.

आता पाण्याचं. आजोबांना मी बाटली खाली ठेवायला सांगितली आणि ओढ्यावर घेऊन गेले. पाऊस नसल्यानं पात्र आटून अर्ध्यावर आलं होतं. जिथं जूनमध्ये पाणी होतं तिथं आता काळ्या, मऊ चिखलाचा हातभर रुंद पट्टा उघडा पडला होता. त्यात हरणांच्या लेंड्या, कुजलेली पानं आणि खुरांचे शेकडो ठसे. चिलटाच्या मादीला अंडी घालायला हाच चिखल लागतो. भरून वाहणारा ओढा तिच्या फारसा कामाचा नाही, आटत चाललेला लागतो. आणि ओढे आटले की लांबलांबची हरणं उरलेल्या पाण्यावर एकत्र येतात, तीही तिन्हीसांजेला, नेमक्या चिलटं चावण्याच्या वेळेला. गरमी जास्त असली की चिलटाच्या अंगात विषाणूही लवकर वाढतो.

चावल्यानंतर साधारण आठवड्यानं हरणाला ताप भरतो. विषाणू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतो, त्या झिरपायला लागतात. डोकं, मान, जीभ सुजते, आत जागोजागी रक्त साकळतं. अंगाची आग होते, तोंडाला कोरड पडते आणि जनावर पाण्याकडे धाव घेतं. लक्षणं दिसल्यापासून बरीचशी आठ ते छत्तीस तासांत जातात. म्हणून ती काठावर सापडतात. पाण्यात कुणी काही कालवलेलं नव्हतं. दुखणं त्या काठाच्या चिखलातून उठलं आणि तापानं जनावराला फिरून त्याच काठावर आणलं. आजोबा बराच वेळ चिखलाकडे बघत राहिले. त्यात डोळ्यांना दिसण्यासारखं काहीच नव्हतं.

मग पुढचा प्रश्न येतो, तुम्ही काहीच का करत नाही? रानातल्या हरणाला धरून लस टोचता येत नाही. फवारणी करायची तर मैलोनमैल ओढ्यांच्या काठांवर करावी लागेल, आणि त्यात चिलटांबरोबर बेडूक, चतुर, मासे सगळंच जाईल. दव गोठवणारी कडक थंडी पडून चिलटं मरेपर्यंत थांबावं लागतं. थंडीची वाट इतक्या आतुरतेनं मी कधी पाहिली नव्हती. तोवर एकच गोष्ट हातात असते, मेलेलं जनावर दिसलं की वन्यजीव खात्याला कळवणं, आणि तेही लगेच. नमुना प्लीहेचा घेतात आणि तो साधारण दिवसभराच्या आतला लागतो, कारण जनावर मेलं की विषाणूही फार टिकत नाही. दोन दिवसांनी वास आला म्हणून केलेल्या फोनवरून मोजणीत भर पडते, पण रोगाची खात्री होत नाही. त्या हरणीचं मी त्याच दुपारी कळवलं.

एक वाक्य मात्र मला फार लागतं. "हरणं नाहीतरी जास्तच झाली होती." हे म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या खोऱ्यातून चालत जावं. हा रोग राज्यभर सारखा पसरत नाही. एक खोरं रिकामं होतं आणि टेकडीपलीकडे हरणं निवांत चरत असतात. राज्याच्या एकूण आकड्यात आमचा ओढा दिसतसुद्धा नाही. अथेन्स, मेग्ज आणि वॉशिंग्टन या तीन काउंट्यांमध्ये मग एका शिकाऱ्याला किती हरणं मारता येतील ती मर्यादा खाली आणली, ते योग्यच झालं. 2007 मध्ये आणि 2012 मध्येही मोठ्या साथी आल्या होत्या. मिशिगनमध्ये 2012 साली जवळजवळ पंधरा हजार हरणं मेल्याची नोंद आहे. 2017 मध्ये हा रोग उत्तरेला कॅनडातल्या ऑंटारिओच्या हरणांतही सापडला.

दक्षिणेकडे चित्र वेगळं आहे. टेक्सासच्या हरणांनी हा विषाणू पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेतला आहे. तिथल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या पाडसांना प्रयोगात तोच विषाणू टोचला, तेव्हा टेक्सासची निभावून गेली आणि उत्तरेची बहुतेक मेली. आमच्याकडे साथ काही वर्षांच्या अंतरानं येते. मधल्या काळात जन्मलेल्या पाडसांच्या रक्तात तिची ओळखच नसते, म्हणून ती आली की इतकी भारी पडते. वाचलेल्या हरणीच्या दुधातून पाडसाला काही महिन्यांचं संरक्षण मिळतं, तेवढंच.

डिसेंबरात आजोबांनी एक हरणी मारली. वर्षाचं मटण ते असंच साठवतात, आणि या रोगामुळे मटणाला काही होत नाही. संध्याकाळी ते दारात आले ते तिचा पाय घेऊन. "हे बघ, हे काय झालंय?" खुराच्या मधोमध आडवी खाच होती, झाडाला दोर करकचून बांधल्यावर पडते तशी. एका बाजूची कड सुटून वर आली होती. ताप असताना खुराची वाढ थांबते, बरं झाल्यावर पुन्हा सुरू होते, त्या दोन वाढींमधली ती खाच.

मी अंगठ्यानं ती चाचपली आणि फोटो काढून मामांना पाठवला. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, फोटो मोठा करून बघायला वेळ लागतो. दहा मिनिटांनी फोन आला.

"वाचली होती गं ती," मामा म्हणाले.